सरावाचा म्हातारा

सोमवार, २० जानेवारी २०२५

आज माझी म्हातारा म्हणून नेमणूक झाली.

वय अडुसष्ट, म्हणजे पात्रता आधीपासून होती. पण चौतीस वर्षं मोजणी ऑफिसात काढल्यामुळे आदेश हातात पडल्याशिवाय आपण काही झालो असं मला वाटत नाही.

सुनेने, धनलक्ष्मीने, मला न विचारता 'वाढतं वय समजून घेताना' या सात आठवड्यांच्या वर्गात माझं नाव घातलं. वर्ग एका नर्सिंग कॉलेजात भरतो. मुलगा मृत्युंजय नोकरीसाठी पुण्याला असतो, शनिवारी येतो. धनलक्ष्मी दिवसभर तिच्या शाळेत. पत्नी महादेवीला जाऊन चार महिने झाले. धनलक्ष्मी म्हणाली, "मामा, दिवसभर बसून तुम्ही फरशा मोजताय." ते खरं होतं. हॉलमध्ये एकशे बारा आहेत.

वर्गात आम्ही चौदा जण. शिकवायला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर. त्याने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की या वयात झोप कमी होते, चव कमी होते आणि माणूस विनाकारण चिडतो. पंखा पाचवर होता, ऐन जानेवारीत. तेवढ्यात शेजारी शिकवणाऱ्या येमूल सिस्टर आत आल्या आणि डॉक्टरांशी हळू आवाजात काही बोलू लागल्या. मी संधी साधून पंखा कमी करा म्हणायला हात वर केला. त्याच क्षणी त्या आमच्याकडे वळून विचारत होत्या, शेजारच्या वर्गात सरावासाठी कुणी येईल का?

शेजारी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्यांचं प्रशिक्षण चालतं. त्यांच्या प्लास्टिकच्या रुग्णाचा पाय खुब्यातून निखळला होता. तेरा जणांनी माझ्या हाताकडे पाहिलं. खाली घेणं मला जमलं नाही. पंखा पाचवरच राहिला.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार दहा ते एक कॉटवर पडून राहायचं. नाश्ता मिळतो. सिस्टरांनी ही वही दिली आणि रोज काय दुखलं, कुणाचं काय चुकलं ते लिहायला सांगितलं. ते मी पुढून लिहीन. हे मागून लिहितो आहे.

बुधवार, २२ जानेवारी

आजचा आजार: उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. सिस्टर कसं पडायचं ते सांगू लागल्या, तोवर मी पडलो होतो. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा अंगठा मुठीत गेलेला, पाऊल बाहेर कललेलं. सिस्टरांनी विचारलं, "काका, नाटकात काम करत होता का?" मी म्हणालो, मोजणी ऑफिसात होतो. सगळे हसले. महादेवी अकरा महिने अशी पडून होती, हे सांगण्यासारखं वाटलं नाही.

मग मला कुशीवर वळवण्याचा सराव. शिकणारे बारा जण आहेत. पहिल्या दोघांनी मला गादीसारखं ओढलं. तिसरी पूनम. सांगोल्याकडची आहे, घरी मेंढरं आहेत. ती म्हणाली, "आजोबा, तुमी लई ताठ हाय की. मेंढरू सुदीक एवढं ताठ ऱ्हात न्हाय." तिने एक हात खांद्यावर, एक कमरेवर ठेवला आणि मला जागा सांगून वळवलं: आता तुमचं तोंड भितीकडं येतंय, आता पाय. वळल्यावर पाठीवर हात तसाच राहू दिला, मी घसरू नये म्हणून.

भिंतीकडे तोंड असताना डोळ्यात काहीतरी गेलं. तिथेही पंखा पाचवर आहे.

वहीच्या पुढच्या बाजूला लिहिलं: खांद्यावरचा हात योग्य. उपमा बरा होता. उपम्यासाठी जायला हरकत नाही.

सोमवार, २७ जानेवारी

आज मी शहाणपणा केला.

सिस्टर चादर बदलायला शिकवत होत्या. मी पडल्या पडल्या सांगितलं की पायाकडून दुमड घातली तर चुणी कमी पडते. लकवा झालेल्याला वाचा नसते, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. सिस्टर रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, तुम्हीच सांगा. मग मी सांगत सुटलो. पत्नीचे अकरा महिने, दर दोन तासांनी कूस बदल, भिंतीवर तक्ता, पाठीवर एक जखम झाली नाही. दवाखान्यातून सोडताना कागदावर लिहिलं होतं की पातळ काही द्यायचं नाही, सगळं घट्ट, बसवून. मी नाचणीची आंबील चमचा उभा राहील इतकी घट्ट करत होतो. तिच्या पाठीमागचा उतार मृत्युंजयच्या शाळेतल्या कोनमापकाने मोजत होतो. साठ अंश.

"अकरा महिन्यांत एक चूक झाली नाही," असं मी बारा जणांसमोर म्हणालो. एकाने ते वहीत उतरवून घेतलं.

निवृत्तीच्या समारंभात मी चार वाक्यं बोललो होतो आणि त्यातली दोन आभाराची होती. रिक्षात बसल्यावर थोडी लाज वाटली. थोडीच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आजचा आजार: विसरभोळेपणा आणि जेवायला नकार. मी सपशेल नापास. कुणीही घास पुढे केला की मी तोंड उघडत होतो. सिस्टर म्हणाल्या, "काका, नको म्हणा. चमचा ढकला." मला नको म्हणायची सवय नाही; असती तर मी त्या कॉटवर नसतो.

शिवाय सिस्टरांनी सांगितलं की रुग्णाने रोज घोटून दाढी करून येऊ नये, शिकणाऱ्यांना दाढीचा सराव मिळत नाही. मी फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवारच करतो. आता मंगळवारी करीन.

रात्री धनलक्ष्मी म्हणाली, मी दुसऱ्यांदा भाकरी मागितली. मी म्हणालो, हवा बदलली आहे. ती ताटाकडे बघत हसली. कशाला ते कळलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज गिळण्याचा पाठ होता. मी उताणा, उशी सपाट. चुकीची अवस्था दाखवायला मी होतो.

सिस्टरांनी फळ्यावर घशाचं चित्र काढलं. लकवा झाला की अन्नाची वाट आणि श्वासाची वाट यांच्यातलं झाकण वेळेवर पडत नाही. घट्ट घास हळू सरकतो, पाणी धावतं. उताणं पाजलं तर ते सरळ छातीत उतरतं. हनुवटी खाली असली तर धोका कमी. हनुवटी खाली का, हे काही जणांना पटेना. मग पूनम उभी राहिली.

"कोकराला बाटलीनं दूद पाजताना मुंडी वर धरली की दूद छातीत जातंय. कोकरू खोकतंय, आन चार-पाच दिसांत मरतंय. आमचे आबा म्हणत्यात, मुंडी खाली, घोट ल्हान. माझ्या हातनं दोन मेलीती, तवा कळलं."

कुणीतरी विचारलं, गोळीपुरतं एखादा चमचा पाणी चालेल ना? सिस्टर म्हणाल्या, "एक चमचासुद्धा नाही. पाणी ते पाणी."

मी उठून बसलो. बरं वाटत नाही म्हणालो. पुढच्या पानावर तेवढंच लिहिलं.

इथे नीट लिहितो. उद्या कुणाला सांगायची वेळ आली तर शब्द तयार असावेत.

आमच्यात, लिंगायतांत, सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा करून त्या पाण्याचं तीर्थ घेतल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. महादेवीने लग्नापासून कधी तीर्थाआधी चहा घेतला नाही. आजारपणात मी रोज पहाटे तिच्या डाव्या तळहातावर तिचं लिंग ठेवायचो, पाणी घालायचो, विभूती लावायचो. मग वाटीतलं तीर्थ दोन चमचे तिच्या तोंडात. त्यानंतर तिला बसवून, साठ अंश मोजून, आंबील.

त्यानंतर. म्हणजे तीर्थ उताण्याने. सगळ्याच्या आधी घ्यायचं असतं, तर मी बसवण्याच्याही आधी दिलं. तक्त्यावर तीर्थाची ओळ नव्हती, कारण तक्ता खाण्यापिण्याचा होता. तीर्थ मी पाणी धरलंच नव्हतं.

काही दिवशी ती खोकायची. मी तोंड पुसायचो. सप्टेंबरात न्यूमोनिया झाला. मी डॉक्टरांना विचारलं, कशाने? ते म्हणाले, अंथरुणाला खिळलेल्यांना होतो. मी मान हलवली. मोजणीत एवढ्या उत्तरावर मी कुणाची हद्द कायम केली नसती.

आणखी एक. तीर्थ देताना ती डाव्या हाताने माझं मनगट धरायची. वाचा गेलेली होती. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने कधी आपणहून माझा हात धरला नव्हता. मला ते आवडायचं. मी दुसरा चमचा जरा हळू न्यायचो, हात तेवढाच जास्त वेळ राहावा म्हणून.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बुधवारी, शुक्रवारी गेलो नाही. आजही नाही.

पूनमचा फोन आला. "आजोबा, तुमी न्हाय म्हणून पलास्टिकचं पेशंट परत आणलंय. त्याचा पाय माज्या हातात आला. सिस्टर म्हणल्या, जिवंत माणूस असता तर तुजं काय झालं असतं." मी सर्दी आहे म्हणालो. ती म्हणाली, सुंठ घ्या. घेतली. सर्दी नसताना सुंठ घेतल्याने काय होतं ते आता मला माहीत आहे.

फरशा एकशे बाराच आहेत.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. पूजा केली. तीर्थाची वाटी हातात घेतली आणि खाली ठेवली. चहाही घेतला नाही, कारण तीर्थाआधी चहा चालत नाही. आज तसाही उपास, त्यामुळे माझा हा पेच बराच वेळ भक्तीत खपून गेला.

दुपारी धनलक्ष्मीने भरलेली वाटी पाहिली. काय झालं विचारलं. मी म्हणालो, काही नाही. ती समोर बसून राहिली. शाळेत मुलांना बोलतं करायची तिची ही रीत असावी, कारण मी दहा मिनिटांत सगळं सांगितलं.

तिने वाटी जरा बाजूला सरकवली. मग म्हणाली, "मामा, जूनमध्ये तुम्हाला ताप होता तेव्हा तीन दिवस तीर्थ मीच दिलं. उताणंच दिलं. मला पण ते पाणी वाटलं नाही."

हे मला आठवत नव्हतं. मी चूकही एकट्याच्या नावावर करून बसलो होतो.

सासूला ती अत्ती म्हणते. ती म्हणाली, "आणि तीर्थाशिवाय अत्तींनी आंबिलीला तोंड उघडलं असतं?"

मला एकच विचारायचं होतं. विचारू नये असं वाटत असतानाच विचारलं, "देताना तुझं मनगट धरायची का?"

"हो. घट्ट धरायच्या."

म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं. साठी उलटल्यावर माणसाने आपल्याला कुणी प्रेमाने धरतं आहे असं समजायचं, आणि ते अडुसष्टाव्या वर्षी सुनेकडून दुरुस्त करून घ्यायचं.

धनलक्ष्मीने डोळे पुसले आणि म्हणाली, उद्या सिस्टरांना जाऊन भेटा. मी म्हणालो, त्यांना सरावाचा रुग्ण हवा आहे, खरा नव्हे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

गेलो. येमूल सिस्टर औषधाच्या कपाटाशी होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं, तयार केलेल्या शब्दांत. शेवटी विचारलं, माझ्यामुळे गेली का?

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. मी त्याची तयारी केली होती, विश्वास न ठेवण्याची.

त्या म्हणाल्या, "माहीत नाही, काका. असेल. नसेल. अशा रुग्णाला स्वतःच्या लाळेनेही होतो. अकरा महिने जखम न होता निघाले, हे पण तुमच्यामुळेच. पण तुम्ही विचारताय ते कुणालाच ठरवता येणार नाही."

चौतीस वर्षांत मी एकदाही 'हद्द ठरवता येत नाही' असा शेरा मारला नाही. मारता येतो, हे मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं की आठ तारखेला कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीला घरी म्हातारी माणसं सांभाळणाऱ्यांसाठी एक दिवसाचा वर्ग आहे. तिथे निम्म्यांना कन्नडच कळतं. सिस्टरांना मराठी, तेलुगू येते, कन्नड नाही; ती माझी घरची भाषा. "रुग्ण म्हणून या. आणि आत्ता मला सांगितलंत ते तिथे सांगा. तीर्थाचं माझ्या पुस्तकात नाही. मी जन्मात सांगू शकले नसते, मला माहीतच नव्हतं."

मी म्हणालो, मला चारचौघांत बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, हात वर करू नका, नुसते या.

शनिवार, ८ मार्च

दुधनीहून आत्ताच आलो. थकलो आहे, पण आजचं आजच लिहावं.

मठाच्या सभागृहात चाळीसेक माणसं. बहुतेक बायका, काही म्हातारे. कॉट मध्यभागी. सिस्टर मराठीत सांगायच्या, मी कन्नडमध्ये. चादर, कूस, पाठ इथपर्यंत ठीक चाललं. एका बाईने विचारलं, हे मास्तर कुठल्या कॉलेजचे? मदतीला आलेली पूनम म्हणाली, "आमच्या कालिजातलं पेशंट हाय."

मग पाण्याचा भाग आला. सिस्टर थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी कॉटवर बसलो. सांगितलं. महादेवीचं नाव घेतलं. तीर्थ हेही पाणीच आहे, छातीला ते वेगळं कळत नाही, असं म्हणालो. वाक्य तोंडातून गेल्यावर मठात बसलो आहोत हे आठवलं.

मागून एक म्हातारे उठले. ईरप्पा त्यांचं नाव, बायको दीड वर्ष पडून आहे, लकवाच. ते तावातावाने म्हणाले, "नर्सबाईंना एक वेळ कळत नसेल. तुम्ही आपल्यातले असून तीर्थ बंद करा म्हणता?"

मी म्हणालो, "बंद करू नका. आधी बसवा. मग बोट बुडवून ओठाला लावा. शास्त्र मला माहीत नाही, मी मोजणी ऑफिसातला. पण मी दोन चमचे मोजून देत होतो, आणि आता मला रोज सकाळी ते दोन चमचे आठवतात."

ते उभेच राहिले. बसा असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

मग सराव. मी आडवा झालो, तोंड डावीकडे, अंगठा मुठीत. पूनमने मला बसवलं, पाठीला उशा लावल्या, हनुवटी खाली घेतली. घट्ट आंबिलीचा चमचा तोंडाजवळ आणला. आणि माझा डावा हात उठला आणि त्याने तिचं मनगट धरलं. हे सरावात ठरलं नव्हतं. मी धरलं असंही म्हणवत नाही.

पूनम थांबली. चमचा वाटीत ठेवला, पण हात सोडवून घेतला नाही. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आजोबा, नको असंल तर एकदा दाबा. पायजे असंल तर दोनदा. नुस्तं बसून ऱ्हायचं असंल तरी चालतंय, धरून बसा."

सगळे बघत होते. मी काय दाबलं ते मला सांगता येणार नाही. हात बराच वेळ सोडला नाही, एवढं पूनम नंतर म्हणाली. सिस्टरांनी घाई केली नाही.

ईरप्पा पुढे आले. म्हणाले, ती मुलगी काय म्हणाली ते मला आपल्या भाषेत सांगा. मी सांगितलं. एकदा म्हणजे नको, दोनदा म्हणजे हवं, धरून ठेवलं तर बसायचं. ते परत आपल्या जागी गेले आणि स्वतःचंच मनगट दाबून बघत होते, एकदा, मग दोनदा. नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला होती. ते न खाताच घरी गेले.

इतकं सोपं होतं. अकरा महिने मी उतार मोजला, आंबिलीचा घट्टपणा मोजला, तास मोजले. विचारलं नाही. तिला काय म्हणायचं होतं ते आता कळायचं नाही. नको असेल. थांबा असेल. आणि, पूनमच्या तिसऱ्या पर्यायाप्रमाणे, नुसतं धरूनही असेल. सिस्टरांचा शेरा इथेही लागू.

धनलक्ष्मी जागी होती. वाढलं. ताट उचलताना मी तिला म्हणालो की सोमवारी डबा लवकर लागेल, वर्गाला जायचं आहे. ती म्हणाली, "मामा, तुमचा सात आठवड्यांचा वर्ग काल संपला." मी म्हणालो, तो म्हाताऱ्यांचा. मला दुसऱ्या वर्गाला जायचं आहे.

आता वही उलटून पुढच्या पानावर आजची नोंद केली. ती इथे उतरवून ठेवतो, कारण पुढची पानं सिस्टरांकडे जमा करायची आहेत:

'८ मार्च, दुधनी. काही दुखले नाही. सूचना: पाजताना रुग्णाने मनगट धरले, तर थांबावे आणि विचारावे. प्रेमाने धरले आहे असे समजून दुसरा चमचा देऊ नये. तसे असले, तरीही आधी विचारावे.

सोमशेखर बिराजदार, सरावाचा म्हातारा.'